अडलेले यंत्र आणि गोदाक्कांचा अडकित्ता

डोंगरमाथ्यावरच्या एका थंड गावात केवडा नावाची एक सून राहत असे. तिच्या बाळाच्या बारशाला तिच्या वडिलांनी जाड लोकर विणायचे हातयंत्र आणले. एका लांब पट्टीवर वाकड्या तोंडाच्या लोखंडी आकड्यांची रांग आणि त्यावरून हाताने सरकवायचा एक ठोकळा. ठोकळा या टोकाकडून त्या टोकाला नेला, की एक ओळ विणून होई. यंत्र जुने होते. ते कसे चालवायचे, हे सांगणारे गावात कोणी नव्हते.

केवडाने हौसेने लोकर लावली. थोड्या ओळी झाल्या आणि ठोकळा मध्येच अडला.

थोरली जाऊ अनसूया हसली. "वडिलांनी यंत्र दिलंय की रुसलेला जावई? जागचा हलत नाही!"

सासूबाई गोदाक्का दारात सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी भंगारवाला येतो. तोवर चाललं तर ठीक, नाहीतर अडगळ गेली म्हणायची."

केवडाला ते फार लागले. वडील ते यंत्र डोक्यावर घेऊन घाट चढून आले होते. रागारागाने तिने ठोकळा जोरात रेटला. कट्‌कन आवाज झाला आणि एक आकडा वाकला.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. पण आकडा सरळ करताना तिला काहीतरी दिसले. त्याच्या तोंडात एक नव्हे, दोन टाके होते. जुना टाका खाली उतरलाच नव्हता. का बरे? केवडाचे रडू तिथेच थांबले. तिने शेजारचा आकडा पाहिला. तिथेही तेच. कडेला तर टाक्यांची नुसती दाटी झाली होती. तिने विणलेला तुकडा बोटांनी अलगद खाली ओढून धरला आणि ठोकळा सरकवला. तो सरसर गेला! तुकडा सोडला, की पुन्हा अडला.

"म्हणजे याला जोर नको, खालून ओढ हवी," ती स्वतःशीच म्हणाली. पण सारखे ओढून धरणार कोण? तिने घरभर नजर फिरवली.

शुक्रवारी सकाळी गोदाक्कांना अडकित्ता सापडेना. "आता सुपारी काय दातांनी फोडू?" म्हणत त्या आत आल्या आणि थबकल्या. विणलेल्या तुकड्याच्या एका कडेला त्यांचा अडकित्ता लोंबत होता, दुसऱ्या कडेला खलबत्त्यातला बत्ता. बाळाची शाल झरझर वाढत होती.

"गेला बाई जावयाचा रुसवा!" अनसूया म्हणाली.

एवढ्यात ठोकळा पुन्हा अडला. बाहेरून भंगारवाल्याची हाक आली. पण गोदाक्का कमरेवर हात ठेवून खाली वाकल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं, शाल लांब झाली, माझा अडकित्ता जमिनीला टेकला. मग ओढ कशी बसणार? वर बांध तो."

केवडाने तो वर बांधला. ठोकळा चालू लागला.

"आजी, काही द्यायचं आहे का?" भंगारवाल्याने दारातून विचारले.

"द्यायचं नाही, घ्यायचं आहे," गोदाक्का म्हणाल्या. "तुझ्या तराजूचं एखादं जुनं वजन दे. मला माझा अडकित्ता परत हवाय."

तात्पर्य: अडलेल्या गोष्टीला रागाने रेटू नये; ती का अडली, हे आधी वाकून पाहावे.