तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली

एकदा एका तरुण वास्तुविशारदेला तिच्या गुरूंनी अगदी साधा प्रश्न विचारला, आणि सगळा अभ्यास करून आलेल्या त्या मुलीला त्याचे उत्तर देता आले नाही.

मुलीचे नाव अवंती काळबांडे. वऱ्हाडातल्या एका शहरात, एका धर्मादाय रुग्णालयाच्या आवारात, परिचारिकांचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी तिने वसतिगृह बांधले होते. चार मजले, शहाण्णव खोल्या. तिचे स्वतंत्रपणे केलेले हे पहिले मोठे काम. रस्ता पश्चिमेला होता आणि संस्थेच्या चिटणीसांना रस्त्यावरून दिसणारी बाजू तिसऱ्या मजल्यापर्यंत काचेची हवी होती. अवंतीने आधी नको म्हटले, मग मान्य केले. ऊर्जाबचतीचे नवे नियम तिला पाठ होते: इमारतीच्या प्रत्येक भागाला गुण, आणि बेरीज पुरेशी झाली की इमारत उत्तीर्ण. काचेमुळे जे गुण कमी पडत होते ते तिने दुसरीकडून भरून काढले. छतावर उष्णतारोधक थर दिला, त्यावर पांढरा लेप लावला, दिवे कमी विजेचे घेतले, आंघोळीचे पाणी उन्हावर तापेल अशी सोय केली. बेरीज केली तेव्हा इमारत आवश्यकतेपेक्षा सहा गुणांनी वरच निघाली.

आता फक्त तपासनीसाची सही हवी होती. त्या जिल्ह्यातले मान्यताप्राप्त तपासनीस म्हणजे तिचेच महाविद्यालयातले गुरू, विनायकराव पिंपळखुटे. वय चौऱ्याहत्तर. आठवड्याने उद्घाटन होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी सर आले. अवंतीने फाइल पुढे केली. ती त्यांनी काखेत धरली, उघडली नाही.

"या इमारतीतली सर्वांत वाईट खोली कोणती?" त्यांनी विचारले.

अवंती गोंधळली. "सर, वाईट अशी कोणतीच नाही. सगळा अहवाल आत आहे. पान बारावर..."

"पानावर खोल्या नाहीत, इमारत आहे. मी खोली विचारतो आहे."

तिने आठवून पाहिले. नकाशा तिच्या डोळ्यांपुढे लख्ख होता, पण त्यात एकही खोली दुसरीपेक्षा वेगळी दिसेना. जिन्यापाशी शेवंताबाई नावाची सफाई करणारी बाई फरशीवरचे सिमेंटचे डाग घासत होती. सरांनी तिलाच विचारले. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"तिसऱ्या माळ्यावरची, पार टोकाची. दुपारचं तिकडं आमी जातच नाई, सर. फरशी पुसाले गेलं तर पाय पोळते."

सर तिसऱ्या मजल्यावर गेले. टोकाच्या खोलीत लोखंडी पलंग आला होता, गादी यायची होती. सरांनी चपला काढल्या, फाइल उशाला घेतली आणि उघड्या पलंगावर आडवे झाले.

"दोन वाजले आहेत. पाचला उठव," ते म्हणाले. "तूही बस इथेच."

 अवंती दाराशी स्टुलावर बसली. पंखा फिरत होता, पण वरची गरम हवाच खाली ढकलत होता. काचेचा वरचा एक पट्टा तेवढा उघडत असे. तो उघडला तर बाहेरची झळ आत आली, म्हणून तिने पुन्हा लावला. तीन वाजता ऊन काचेतून सरळ पलंगापर्यंत आले. तिच्या पिशवीत तापमापक होता, तो तिने भिंतीला लावला. एक्केचाळीस.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. फोन दोनदा वाजला, तिने घेतला नाही. सर डोळे मिटून पडले होते, पण ते झोपलेले नाहीत हे दिसत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते मध्येच कूस बदलत, भिंतीकडे सरकत, आणि भिंत तापलेली लागली की परत इकडे वळत. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे हे तिला ठाऊक होते. साडेतीनला त्यांच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येऊ लागला.

"सर, उठा आता."

"पाच वाजले?"

"नाही. पण तुम्ही उठा. इथे झोपणे बरे नाही."

"का? इमारत तर उत्तीर्ण झाली आहे."

"सर, कृपा करून उठा!" तिचा आवाज चढला आणि तिचा तिलाच परका वाटला.

सर उठले. भिंतीला धरून बाहेर आले. व्हरांड्यात शेवंताबाईने तांब्याभर पाणी आणून दिले. ते त्यांनी सावकाश प्यायले, मग बोलले.

"अवंती, नियम चांगले आहेत. ते नसते तर शहाण्णव खोल्या या खोलीसारख्या झाल्या असत्या. पण नियमाला बेरीज करावी लागते. छत उत्तम, म्हणून कमकुवत भिंत चालून गेली. कागदावर दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले. प्रत्यक्षात छताचा गारवा चौथ्या मजल्यावरच्या मुलीला मिळाला आणि काचेचा ताप तिसऱ्या मजल्यावरच्या. त्या दोघी एकमेकींना ओळखतही नसतील. सरासरीत कोणी राहत नाही. ज्याला त्याला एक खोली मिळते."

अवंती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सही करणार नाही."

सरांनी खिशातून पेन काढले, कठड्यावर फाइल ठेवली आणि पान बारावर सही केली.

"तू नियम पाळला आहेस. पाळला नाही असे मी कसे लिहू? माझा अधिकार इथे संपतो." फाइल तिच्या हातात देऊन ते जिना उतरू लागले.

सही मिळाली होती, पण अवंतीला सुटल्यासारखे वाटले नाही. सही नाकारली असती तर तिला सरांवर रागावता तरी आले असते. आता राग धरायला कोणी उरले नव्हते. दोन दिवस फाइल टेबलावर पडून राहिली. ती जेवायला बसे आणि अर्ध्यावर उठे. तिसऱ्या दिवशी ती चिटणीस मधुकरराव गावंडे यांच्याकडे गेली आणि तिसऱ्या मजल्याची काच काढायची आहे, असे तिने सांगितले.

"सही झाली ना?" मधुकररावांनी विचारले.

"झाली."

"मग अडचण कुठे आहे?"

"पश्चिमेच्या सोळा खोल्यांत. तिथे अख्खी काच नको, कमरेपर्यंत भिंत हवी. खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या हव्यात आणि बाहेरून सावली हवी."

"बाई, चार दिवसांवर कार्यक्रम आहे. सरकारला चालते ते तुम्हाला चालत नाही? कागद द्या, नाही तर मी दुसऱ्याकडून दाखल करून घेतो."

ते तसे करू शकत होते. तरी अवंती उठली नाही.

"साहेब, तुमच्या मुली रात्रपाळी करतात. त्या झोपणार कधी? दुपारी. त्या खोलीत माणूस दीड तास पडू शकत नाही, हे मी बसून पाहिले आहे. न झोपलेली मुलगी रात्री पुन्हा तुमच्याच वॉर्डात जाणार. तिच्या हातात इंजेक्शन असणार."

मधुकररावांनी टेबलावरची पत्रिका उचलून तारीख पाहिली.

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"तिसरा मजला बंद ठेवून कार्यक्रम करू. खालच्या दोन मजल्यांना बाहेरून पडदे लावा, तिथली काच राहू द्या." मग त्यांनी मान वर केली. "आणि पुढचे काम आम्ही तुम्हाला देणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो."

"चालेल," अवंती म्हणाली. ते चालण्यासारखे नव्हते, आणि घरी जाताना तिला रडू आले.

पुढच्या मेमध्ये ती एकदा न कळवता वसतिगृहात गेली. दुपारचे तीन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर छत्तीस अंश होते. छत्तीस म्हणजे काही गारवा नव्हे. अजून काय करता आले असते याची यादी तिच्या मनात चालताचालताच सुरू झाली. टोकाच्या खोलीचे दार ठोठावण्यासाठी तिने हात उचलला. दारावर वहीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर निळ्या शाईने लिहिले होते: रात्रपाळी करून आले आहे. झोपले आहे. हाक मारू नये.

अवंतीने हात खाली घेतला. चपला काढून हातात धरल्या आणि आवाज न करता ती जिना उतरून गेली.