पहिले विरजण

पूर्णेकाठच्या सावरखेड्यात आत्मगिरी महाराज मठ करून राहत होते, त्या काळची ही हकिकत. तेव्हा दही पिशवीतून येत नसे. शेजारणीच्या वाटीतून विरजण येई, तेव्हा घरी दही लागे.

गोकुळाष्टमीच्या काल्याचे दही लावण्याचा मान ठकूबाई गवळणीच्या घराकडे होता. रीत अशी, की त्याचे विरजण घरचे वापरायचे नाही, शेजारीपाजारी मागून आणायचे. त्या वर्षी ती वाटी घेऊन निघाली, तेव्हा मठाच्या पायरीवर देवस्थानचे कारभारी धुंडिराजशास्त्री लोकांना सांगत होते, "जगाला कर्ता नाही. ते अनादि आहे. ठकू, तुझे दही कशाने लागते?"

"विरजणाने."

"आणि ते विरजण?"

"आदल्या दह्याचं."

"ते दही त्याच्या आदल्या विरजणाचे. असेच मागे मागे जायचे. यात देव कुठे आला?"

ठकूबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, मागचं मागचं काय सांगता? पहिलं विरजण कुणी घातलं, ते सांगा की."

लोक हसले. शास्त्री तापले. "ज्याने घातले त्याच्याकडूनच आण. गावात कोणी हिला विरजण देऊ नये. उद्या दही लागले नाही, तर काल्याचा मान दुसऱ्या घरी जाईल."

दारे बंद झाली. ठकूबाईने रिकामी वाटी महाराजांपुढे ठेवली. "महाराज, सासूबाईंपासूनचा मान माझ्या हातून जातोय. पण बोलले ते मी मागे घेणार नाही."

महाराज म्हणाले, "घेऊ नकोस. विरजणावाचूनच दही लाव. मडके मात्र शास्त्र्यांना आणू दे."

शास्त्र्यांनी हसत कोरे मडके आणले. दूध आपल्यादेखत उकळवले, निवल्यावर मडक्यात ओतले, तोंडाला फडके बांधले आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला. महाराजांनी मडक्याला बोटही लावले नाही. देवाकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "तुझे काम तू जाण."

सकाळी गावासमोर शास्त्र्यांनीच शिक्का फोडला. आत पांढरेशुभ्र, घट्ट दही लागले होते. मडके कलते केले तरी हलेना.

"मी तर काहीच घातले नव्हते," शास्त्री पुटपुटले. "मग कुणी घातले?"

महाराज म्हणाले, "काल ती हेच विचारत होती."

शास्त्र्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग वाटी घेऊन ते ठकूबाईपुढे उभे राहिले. "बाई, घरी नेण्यापुरते विरजण दे."

"न्या की," तिने पळीभर दही वाटीत घातले. "पण उद्या कुणी विचारलं, हे विरजण कुठलं, तर मागचं मागचं सांगू नका."

शास्त्र्यांनी वाटी कपाळाला लावली आणि त्या गवळणीपुढे ते वाकले.