बिवलकर सरांचा खडू

बिवलकर सरांना आपल्या विज्ञान शिकवण्याचा भारी अभिमान. वर्षाअखेरीस त्यांनी कॉलेजच्या वर्गाला लेखी विचारलं, “भुताखेतांवर, अपशकुनांवर विश्वास आहे?” एकोणसाठ जणांनी ‘नाही’ लिहिलं. एकट्या सुचेताने लिहिलं, ‘अजून भीती वाटते.’

सर कडाडले, “वर्षभर झोपा काढल्यास का? उद्यापासून माझ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही!”

सुचेताने उठून सरांपुढे खडू धरला. “जाते, सर. फक्त फळ्यावर एवढं लिहा, ‘माझा मुलगा आज घरी परतणार नाही.’ नुसत्या खडूने काय होतंय?”

सरांनी तावातावाने ‘माझा मुलगा आज’ लिहिलं. पुढे खडू थांबला तो थांबलाच.

सुचेताने प्रयोगवही उघडली. “सर, निरीक्षण काय लिहू?”