लहानूने खडस कसा धरला

एका नदीकाठच्या गावात लहानू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हा त्याचा एकमेव गुण. आणि पुढं जे काही झालं ते त्या गुणापायीच झालं.

पलीकडच्या काठावरच्या गेनबाची लेक कौसा लहानूला फार आवडायची. पण गेनबाची अट होती. जावई होणाऱ्याने पिसाच्या माशीवर खडस मासा धरून दाखवायचा. पिसाची माशी म्हणजे गळाला पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. लहानूला यातलं ओ की ठो येत नव्हतं. तो गावातल्या जुन्या मासेमाराकडे, येसूकाकांकडे गेला.

काका म्हणाले, "पाणी गढूळ असलं की काळी, मोठी माशी लावायची. गढुळात माशाला ती दिसते."

लहानूने काळी, मोठी माशी लावली नि नदीवर आला. पाणी आरशासारखं नितळ. त्याने विचार केला आणि गावातल्या सगळ्या म्हशी हाकून नदीत घातल्या. पाणी छान गढूळ झालं. मासे पार खालच्या गावाला गेले. पाणी भरायला आलेल्या बायांनी त्याला घागरी घेऊन घरापर्यंत पिटाळलं.

काकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, पाणी बदलायचं नसतं, माशी बदलायची. नितळ पाण्यात बारीक, फिक्की माशी. आणि मासा बुजू नये म्हणून झाडाआड लपायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

लहानूने बारीक, फिक्की माशी लावली, गळाची काठी दगडांत रोवली आणि झाडाआड बसला. गेनबा आपल्या छोट्या होडीतून, डोणीतून, बघायला आला. तेवढ्यात भला मोठा खडस लागला आणि काठी सरकू लागली.

"लहानू, काठी चालली की रे!" गेनबा ओरडला.

लहानू गप्प. काठी पाण्यात गेली. तरी गप्प. गेनबाने कुठं आहेस म्हणून गाव डोक्यावर घेतलं, तेव्हा लहानूने श्वाससुद्धा रोखून धरला.

गेनबाला मात्र पोरगा कमी बोलणारा म्हणून पसंत पडला. तो निरोप ठेवून गेला, की उद्या एकदा शेवटचं बघतो, नाहीतर कौसा दुसरीकडं द्यायची. लहानूला रात्रभर झोप लागली नाही. कौसा गेली तर आपण जगायचं कशाला, असं त्याला खरोखर वाटलं.

काकांनी यावेळी सगळं नीट समजावलं. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. दोर सैल सोडायचा, खेळवायचा, दमवायचा, मग काठाला घ्यायचा. आणि सध्या विणीचे दिवस. "पोट फुगलेलं दिसलं तर समज, अंडी आहेत. कितीही मोठा मासा असो, परत सोडायचा. तोंड धारेकडं करून, अलगद."

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झालेला, पाणी गढूळ. लहानूने काळी, मोठी माशी लावली. जन्मात पहिल्यांदा माशी बरोबर निवडली. गेनबा खूश होऊन मागं येऊन उभा राहिला. लहानूने जोरात काठी फिरवली. गळ गेनबाच्या बंडीत अडकला आणि गेनबा लहानूच्या डोक्यावरून नदीत गेला.

"ओढ रे, ओढ!" गेनबा बुडत ओरडला.

लहानूने दोर सैल सोडला. गेनबा धारेला लागला. लहानूने थोडा ओढला, परत सोडला. गेनबा हातपाय मारत होता, शिव्या देत होता. मग शिव्या कमी झाल्या. मग नुसता तरंगू लागला. दमला, असं बघून लहानूने त्याला सावकाश काठाला घेतलं.

गेनबाने डोळे उघडले. काठ दिसला, लहानू दिसला. त्याला रडू आलं. "वाचवलंस रे पोरा. खडस गेला खड्ड्यात. कौसा तुझी."

लहानूचं मन भरून आलं. पण त्याची नजर गेनबाच्या पोटावर गेली. मुळातलं सुटलेलं, त्यात नदीचं पाणी प्यालेलं. टम्म फुगलं होतं.

लहानूने जड मनाने गेनबाला उचललं, त्याचं तोंड धारेकडं केलं आणि अलगद पाण्यात सोडून दिलं.

"पाव्हणं," तो काठावरून म्हणाला, "विणीचे दिवस सरले की या परत."