निळ्या हातांचं मागणं

कुंदाला एकच परकर होता, तोही निळा. झोपडीचा उंबरा निळा, पाण्याचा गडू निळा, आणि आईचे हात तर कोपरापर्यंत निळेनिळे! आई लोकांची लुगडी निळीत रंगवायची. रांजणातल्या चुन्याने तिच्या बोटांना भेगा पडत. कुंदा मदत करी, म्हणून तिचीही इवली बोटं आणि नखं निळी.

जत्रेच्या दिवशी देवळाच्या अंगणात मुली फुगड्या घालत होत्या.

"ए, नखं बघा हिची! जांभळं चोरलीस का गं?" शालू हसली.

कुंदाने हात पाठीमागे लपवले. तेवढ्यात आई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली.

"ही निळ्या हातांची बाई कोण? तुझी आई?" शालूने विचारलं.

"छे! मी नाही ओळखत," कुंदा बोलून गेली.

आईने ऐकलं. फडकं हळूच पायरीवर ठेवून ती माघारी वळली.

कुंदाला भाकरीचा घास गिळवेना. ती धावत घरामागच्या निळीच्या झुडपांच्या वाफ्यात गेली आणि तोंड लपवून बसली. पानांतून रंग काढायचा, म्हणून फुलं येण्याआधीच तिथली झुडपं छाटली जात. पण एक झुडूप कुंदा नेहमी राखायची, बियांसाठी आणि मधमाश्यांसाठी. त्याच्यावर गुलाबी फुलांचे नाजूक तुरे डुलत होते. एका तुऱ्यातून चमचमणारी चिमुकली परी उतरली.

"तू माझं घर राखलंस, बाळ. एक मागणं माग. पण ते आईसमोर मागायचं, मोठ्याने."

"आईसमोर?" कुंदा कळवळली. "मला तर गोरे, स्वच्छ हात मागायचे होते. ते तिच्यासमोर कसं बोलू?"

"हिरव्या पानात निळा रंग दिसतो का गं? पान भिजतं, पाणी घुसळलं जातं, वारा लागतो, तेव्हा कुठे तो दिसतो. मनातलंही तसंच असतं."

कुंदा घरी आली. आई रांजणातून लुगडं काढत होती. बाहेर आलं तेव्हा ते हिरवट होतं. वारा लागताच निळंशार झालं. पिळताना आईच्या भेगा चुरचुरल्या. तिने ओठ दाबले.

कुंदाची मान वर होईना.

"आई, मी तुला ओळखत नाही म्हणाले. मला तुझ्या हातांची लाज वाटली. आता माझीच लाज वाटते."

"भाकरी खाल्लीस का?" आईने एवढंच विचारलं.

कुंदा हुंदके देऊ लागली. मग मोठ्याने म्हणाली, "परी गं, माझ्या आईच्या हातांच्या भेगा जाऊ देत. रंग मात्र राहू दे!"

रांजणावर चांदण्यासारखा चुरा उधळला. आईने हात उघडले. बोटं फुलासारखी मऊ झाली होती, आणि तशीच निळी.

कुंदाने ती घट्ट धरली आणि आईला ओढतच देवळात नेलं.

"शालू, मी खोटं बोलले. ही माझी आई!"

मायलेकींनी फुगडी धरली. चार निळे हात गरगर फिरू लागले, जणू आभाळच खाली उतरलं होतं!

"काकू," शालू खाली बघत म्हणाली, "आता मी येऊ?"

आईने निळा हात पुढे केला. तेव्हा देवळाच्या कळसावर एक चिमुकला निळा उजेड लुकलुकला, हसल्यासारखा थरथरला आणि संध्याकाळच्या आभाळात मिसळून गेला.