सुतारपक्ष्याच्या गाड्या

रानातल्या वाटांवर अजून कोणाचीच मालकी नव्हती, त्या काळी सुतारपक्षी गाड्या बनवून विकत असे. एका उन्हाळ्यात जवळचा पाणवठा आटला आणि साळिंदरीण आपली तहानलेली पिल्ले घेऊन त्याच्या दारी आली. नदीची वाट करवंदीच्या दाट जाळीतून जात होती.

"सुतारदादा, जाळीतून निघेल अशी लहानशी गाडी द्या. पिल्लांना आता चालवत नाही."

"लहान कशाला, ताई? ही पाहा! वर छत, चाकांना घुंगरू, चांदणं पाहायला झरोका."

"चांदणं घरूनही दिसतं, दादा. ही जाळीत अडकेल."

"मग जाळी तोडून घ्या. लहान गाडी हल्ली कोणी मागत नाही."

"कोणाला विचारलंत?"

"विचारायचं कशाला? मी बनवतच नाही, तर मागणार कोण?"

एवढ्यात साळिंदरिणीला झाडामागे एक अरुंद, बिनछताची गाडी दिसली. तिच्या चाकांना करवंदीची पाने चिकटली होती.

"ही कोणाची?"

"माझी. नदीकाठचं लाकूड आणायला."

"मग हीच द्या."

"छे! ती विकायची नाही," सुतारपक्षी दुखावल्या सुरात म्हणाला, "ती वापरायची आहे."

आपण काय बोललो, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत पिल्ले गाडीत चढून बसली होती.