काठावरचा प्लग

नगराध्यक्ष रावसाहेब ढमढेरे यांना नव्या जलतरण तलावाच्या अगदी काठावर प्लग हवा होता. पाण्यात उभं राहून मिक्सर लावायचा आणि मोसंबीचा ताजा रस प्यायचा, ही त्यांची हौस.

"साहेब, ओल्या हाताने माणूस जागीच जाईल. प्लग लांब, कोरड्या भिंतीवरच हवा," पालिकेचा वायरमन गैबी मुजावर कळवळून म्हणाला.

"मला शिकवतोस? उद्या प्लग बसला नाही, तर तू घरी बस!"

त्या गावात साधा नळ बसला तरी उद्घाटन रावसाहेबच करत. दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फलक झळकले : 'काठावरील प्लगचे उद्घाटन. शुभहस्ते : मा. रावसाहेब, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून.'

फलक वाचून रावसाहेबांनी गैबीला तातडीने बोलावून घेतलं. "गैबी, या खेपेला हा मान विरोधी पक्षनेत्यांना देऊ या!"

"त्यांना आधीच विचारलं, साहेब. ते म्हणाले, मान तुमचाच. ते हार घेऊन येणार आहेत. फक्त गळ्यात घालायचा आणू की फोटोला, एवढं तुम्हाला विचारायला सांगितलंय."

तासाभरात प्लग लांबच्या भिंतीवर बसला. रावसाहेब काठावर बसून हाताने मोसंबी सोलू लागले.